औषधाविना सुई

सुई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंजेक्शन उभे राहते. पण जिच्यात औषधाचा थेंबही नाही आणि जी पोकळसुद्धा नाही, अशी बारीक भरीव सुई टोचून आखडलेला स्नायू सैल करतात, असे सांगितले तर? या उपचाराला ‘ड्राय नीडलिंग’, म्हणजे कोरडी सुई, म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीमुळे माझी तिच्याशी ओळख झाली.

बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. विजेच्या तारेवर रबरी वेष्टण असते ना, तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच त्यावर उलटते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळू लागतात.

मेंदू स्नायूंना नुसते हुकूम सोडत नाही. त्यांना आवरूनही धरतो. स्नायू ताणला की मज्जारज्जू त्याला आकसायला सांगते, आणि या घाईला मेंदूचा लगाम असतो. तो लगाम सुटला की स्नायू ताठतात. बहिणीची पोटरी अशी ताठे की टाच जमिनीला टेकत नसे. घाईने पाय ओढला तर तो अधिकच हट्टाला पेटे. सावकाश ताणला तर थोडे ऐके.

हा ताठरपणा मोजण्याचे मापही याच विकाराच्या रुग्णांसाठी निघाले. १९६४ साली डॉ. अ‍ॅशवर्थ यांनी एका औषधाची चाचणी घेताना ते वापरले. हाताने सांधा हलवायचा आणि स्नायू किती विरोध करतो त्याप्रमाणे शून्य ते चार गुण द्यायचे. येथे गुण जितके कमी तितके बरे!

आता सुईकडे वळू. दुखऱ्या स्नायूत इंजेक्शन दिल्यावर जो आराम पडतो तो औषधाचा की टोचण्याचा, हा प्रश्न प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ साली पुढे आणला. पुढे हीच सुई ताठरपणावरही वापरली जाऊ लागली. सुई अ‍ॅक्युपंक्चरसारखीच दिसते; पण तेथे परंपरेने ठरलेले बिंदू असतात, तर येथे बोटांनी चाचपून स्नायूतला ताठ पट्टा शोधतात. बहिणीच्या पोटरीत सुई शिरताच स्नायू मासळीसारखा टुणकन उसळलेला मी पाहिला. थोड्या वेळाने टाच टेकली!

मग रोग बरा झाला का? मुळीच नाही. गळती छपराला आहे. खालची फरशी पुसल्याने ती थांबत नाही. पण पुसलेल्या फरशीवरून चालता तर येते! आजवरच्या चाचण्या थोड्या रुग्णांवरच्या व थोड्या मुदतीच्या आहेत. काहींत ताठरपणा उतरलेला दिसतो, पण तो टिकतोच असे नाही. म्हणून सैल झालेल्या पायाला लागलीच ताण देणे, चालण्याचा सराव करणे, हे खरे काम. सुई त्यासाठी फक्त वाट मोकळी करते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुबळ्या पायाला हाच ताठरपणा काठीसारखा आधारही देतो. तो सगळाच काढून घेतला तर माणूस उभा कसा राहणार? फिजिओथेरपिस्टबाईंनी बहिणीला पहिला प्रश्न विचारला, “तुम्हांला काय करायचंय?” ती म्हणाली, “ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायच्यात.” म्हणून मांडीला हात न लावता त्यांनी केवळ पोटरी सैल केली.

उपचार करून घ्यायचा असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारून, प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यावा. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. छातीजवळ तर फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि ताठरपणा एकाएकी वाढला तर सुईकडे धावण्याआधी लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा अंगावरची जखम यांची तपासणी करवावी. कित्येकदा कारण तेथेच सापडते.

घरात असा रुग्ण असेल तर “पाय किती सैल झाला?” एवढेच विचारून थांबू नका. त्या पायाने त्याला काय करायचे आहे, तेही विचारा. उपचार कोणता आणि कितपत, ते त्यावरूनच ठरते.