कोण, कोणास म्हणाले?

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच. बीड जिल्ह्यात तालुक्याचे गाव आष्टी. वर्धा जिल्ह्यात ऑगस्ट १९४२ च्या लढ्यामुळे ‘शहीद’ हे बिरुद मिळालेले आष्टी. सोलापूर जिल्ह्यातले आष्टी म्हणजे फेब्रुवारी १८१८ मध्ये जिथे बापू गोखले पडले ते. आणि परतूरहून माजलगावकडे निघाले की वाटेत लागणारे, जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले आष्टी. पाकिटावर नुसते ‘आष्टी’ लिहून ते पेटीत टाकले तर पत्र कोणत्या जिल्ह्यात उतरेल याची खात्री पोस्टमनलाही देता येणार नाही. थोरामोठ्यांच्या वचनांचे आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. वचन आहे, पण पत्ता नाही.

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत सकाळच्या परिपाठाला उभे राहावे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि ‘आजचा सुविचार’. सुविचार वाचण्याची पाळी असलेला मुलगा एका दमात वाक्य म्हणतो आणि रांगेत परत जातो. तेच वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिले जाते आणि दिवसभर तिथेच राहते. याच मुलाला मराठीच्या पेपरात धड्यातल्या वाक्याखाली प्रश्न येतो : कोण, कोणास म्हणाले? प्रश्न साधा आणि मुलांच्या आवडीचा, कारण हमखास गुण देणारा. सुविचाराखाली मात्र तो कधीच विचारला जात नाही.

परिपाठातली गंमत अशी, की ज्याचे शब्द मुले रोज म्हणतात त्याचे नाव बहुतेकांना माहीत नसते. ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. तेव्हा ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. त्यांचा जन्म नलगोंडा जिल्ह्यातला, म्हणजे आष्टी-परतूरसारखाच एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या मुलखातला. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातल्या शाळांत म्हटली जाऊ लागली आणि पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानांवर आली. बहुतेक पुस्तकांत त्यांच्या नावाशिवायच. नंतरच्या सुविचाराला मात्र एक भारदस्त नाव चिकटवलेलेच असते, आणि ते वाक्य त्या माणसाने उच्चारले होते की नाही याची चौकशी कोणी करत नाही.

नेपोलियनचेच घ्या. ‘अशक्य हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती वर्गांच्या भिंतींवर असेल याची मोजदाद नको. त्याचे मूळ सापडते ते एका पत्रात. ९ जुलै १८१३ रोजी मॅग्डेबर्गच्या जनरल ल मारवाला नेपोलियनने लिहिले, की तुम्ही ‘शक्य नाही’ असे कळवता. हे बोलणे फ्रेंच नव्हे. म्हणजे जगाला दिलेला संदेश वगैरे काही नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला दिलेला दम आहे. पुढे ऑक्टोबरात लाइपझिगला नेपोलियनचा दणदणीत पराभव झाला. वाक्य तारखेसकट भिंतीवर लिहिले तर दहावीच्या मुलाला त्यातून जास्त शिकता येईल : साहेबाला हाताखालचा माणूस ‘होणार नाही’ म्हणतो, तेव्हा कधी कधी त्याचे ऐकावे लागते.

गांधीजींच्या नावावर फिरणारे, जगात हवा तो बदल आधी स्वतःत घडवा, हे वाक्यही त्या रूपात त्यांच्या समग्र वाङ्मयात नाही. जवळचा आशय असलेला मजकूर त्यांनी १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये लिहिला होता, आजचे चटपटीत रूप १९७० च्या दशकातले, अमेरिकेतले. पु. ल. देशपांडे २००० साली गेले आणि व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये आले. तरी त्यांच्या नावाने कविता येतच असतात. व. पु. काळे यांच्याही वाट्याला परक्यांची बरीच वाक्ये आली. कौटुंबिक ग्रुपवर सकाळी फुलांच्या चित्रासह येणाऱ्या मजकुरात खाली कोणाचे नाव लिहायचे हे बहुधा पाठवणाऱ्याच्या मूडवर अवलंबून असावे.

या सगळ्याला हसून सोडून देता येईल. पण पत्ता शोधला की वचन कसे कामाला येते, हे पाहण्यासाठी परतूर तालुक्यातल्या आष्टीकरांना लांब जायला नको. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे. आता जांब समर्थ. १६०८ मध्ये रामनवमीला तिथल्या ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला, तोच पुढे समर्थ रामदास. जालना जिल्ह्यात समर्थांचे वचन नाही अशी शाळा शोधावीच लागेल. बहुतेक ठिकाणी ते प्रयत्नाबद्दल किंवा मन आवरण्याबद्दल असते, खाली नाव, वर उगवता सूर्य. २०५ मनाच्या श्लोकांना भुजंगप्रयाताची चाल असल्यामुळे ते तोंडात बसतात हे खरेच, आणि बसलेले शब्द वेळेला आठवतात.

तरीही रोजच्या जगण्याला खरा उपयोग आहे तो भिंतीवर न येणाऱ्या समर्थांचा. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी १० समास. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खांची लक्षणे सांगतो, आणि ती लक्षणे तत्त्वज्ञानाची नाहीत, बसस्टँडवरची आहेत. स्वतःची स्तुती स्वतः करणारा. आपण विपन्नावस्थेत असून वाडवडिलांची कीर्ती सांगणारा. कारण नसताना हसणारा. सगळे जागे असताना मधेच ताणून देणारा. परक्याच्या घरी आडवा हात मारणारा. दुखणे असून औषध न घेणारा आणि पथ्य न पाळणारा. पुरात उडी घालणारा. मधुमेहाची गोळी डब्यात ठेवून दिवाळीच्या फराळाला बसणारे काका आणि पुलावरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालणारा भाचा, दोघेही या यादीत जसेच्या तसे सापडतात. याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्ख येतो, म्हणजे शिकलेलेही सुटत नाहीत. हे सारे फलकावर रंगवले तर गावात भांडणे लागतील, म्हणून प्रयत्नाचेच वाक्य बरे, असे मुख्याध्यापकांना वाटत असावे. त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आणखी एक नमुना एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी आहे. तिथे समर्थ अक्षर कसे काढावे ते सांगतात : वाटोळे, सुटे, काळेभोर, ओळी सरळ, पहिल्या अक्षराची धाटी शेवटच्या अक्षरापर्यंत तीच. हे कोणाला सांगितले? मठामठांतून पसरलेल्या शिष्यांना. का? छपाई नव्हती, ग्रंथ टिकायचा तर तो हाताने नकलावा लागे, आणि वाईट अक्षर म्हणजे चुकीचा ग्रंथ. कल्याणस्वामींनी केलेली दासबोधाची नक्कल डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापला. नीट अक्षराच्या उपदेशाचा इतका रोकडा पुरावा दुसरा मिळणे कठीण. आज सुलेखनाच्या तासाला कंटाळणाऱ्या पोराला ‘सुंदर अक्षर हा दागिना’ म्हणण्यापेक्षा ही हकिकत सांगून पाहायला हरकत नाही.

दुसरे नाव जोतीराव फुल्यांचे. विद्या गेल्याने पुढे काय काय गेले याची त्यांनी लावलेली साखळी प्रत्येक शाळेत आहे, आणि ती मुलांना ‘अभ्यास करा’ या अर्थाने सांगितली जाते. मुळात ती ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधल्या पुस्तकाच्या तोंडी आहे आणि पुस्तक आहे शेतकऱ्याच्या दैन्यावर : शेतसारा, सावकार, कागदपत्रांत नाडणारे सरकारी नोकर, लक्ष न घालणारे गोरे अधिकारी. ज्याला वाचता येत नाही त्याची जमीन वाचता येणाऱ्याच्या नावावर जाते, असा त्या विद्येचा अगदी व्यवहारी अर्थ आहे. सातबारा आणि फेरफार वाचता येणे, पीकविम्याची अट सहीपूर्वी बघणे, ही आजच्या परतूर तालुक्यातली त्याची रूपे.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात जोतीरावांनी उपायही सांगितले आहेत. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत, तळ्यांतला गाळ शेतांना मिळावा, चांगल्या जातीची जनावरे आणावीत, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. जालना जिल्ह्यात हे वाचताना कडवंची आठवल्याशिवाय राहत नाही. जालन्याजवळच्या या दुष्काळी गावात १९९० च्या दशकात मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम झाले. बांधबंदिस्ती, चर, नाल्यांवर बांध, मग शेततळी. कोरडवाहू रानात द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि राज्यभरातून शेतकरी ते पाहायला येऊ लागले. कडवंचीकरांनी फुले वाचून बांध घातले असे कोणी म्हणणार नाही. पण पुस्तकातली ही पाने मागे पडली आणि आरंभीची साखळी तेवढी भिंतीवर आली, हे नुकसान शेतकऱ्यांच्या मुलांचेच.

बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर मूळ भाषणे तारीखवार उपलब्ध आहेत, तरी हाच प्रकार. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून त्यांची नेमणूक जाहीर झाली तो हाच महिना. तिथल्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी दिलेला इंग्रजी मंत्र शिक्षण, चळवळ, संघटन या क्रमाने आहे. त्याआधी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे हेच ब्रीद होते, आणि त्याही आधी, १८८० च्या दशकात, इंग्लंडमधल्या समाजवाद्यांनी ते वापरले होते. मराठीत रुळले ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. संघर्ष आधी की संघटना आधी यावर कार्यकर्त्यांत आजही वाद होतात. वाद चांगला आहे, कारण तो वचन वापरणाऱ्यांचा आहे. पहिला शब्द मात्र दोन्हीकडे जागेवरच राहिला. मराठवाड्यात तर तो शब्द विटांनी बांधला गेला : निजामी राजवट जाऊन दोन वर्षे होत नाहीत तोच, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, पुढचे मिलिंद. जालना, परभणी, बीडच्या खेड्यांतून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली पिढी तिथून बाहेर पडली.

त्याच नागपूरच्या परिषदेत २० जुलैला महिलांचीही सभा झाली. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचे सर्वश्रुत वाक्य तिथले. ८ मार्चला ते सगळीकडे लागते. मात्र त्याच भाषणात त्यांनी समोरच्या कष्टकरी बायांना पुढे काय सांगितले? स्वच्छ राहा, वाईट गोष्टींपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, आणि नवऱ्याशी मैत्रिणीसारखे वागा, दासीसारखे नव्हे. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला कुटुंबे निघतात. मागे राहणाऱ्या मुलीची काळजी नको म्हणून तिचे लग्न कोवळ्या वयात उरकले जाते. लग्नाची घाई करू नका, हे साधे वाक्य फलकावर असायला हवे ते याच तालुक्यांत. ते कुठेच दिसत नाही, कारण ते ‘सुविचारा’सारखे वाटत नाही.

वचन ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न गाडगेबाबांनी वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या कीर्तनात वचने कमी आणि सवाल जास्त. लोकांना विचारायचे, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचे आणि मग आपला मुद्दा पुढे रेटायचा. जेवायचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला. सण आणि लग्नासाठी कर्ज काढू नका. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. २० डिसेंबरला ते गेले. त्यांची दशसूत्री आता सरकारी कार्यालयांत चौकटीत लागते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी अशी ती यादी उदात्त आहे खरी, पण ऐकणाऱ्याच्या खिशाला हात घालणारा तो सवाल तिच्यात उरत नाही.

बाजारपेठेत याचे एक उलटे उदाहरण आहे. किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे लावलेले ‘आज रोख, उद्या उधार’. बोलणारा दुकानदार, ऐकणारा समोर उभे असलेले गिऱ्हाईक, वेळ तीच, आणि अर्थाबद्दल कोणाला शंका नाही. कोणा थोर माणसाच्या नावाची त्याला गरज पडलेली नाही. तरी सोयाबीन आणि कापूस विकून पैसे हाती येईपर्यंत तो दुकानदारही, गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर, पाटीखालीच वही उघडतो.