लिहिलेले माप आणि काढलेली रेघ

घाटघर हे जुन्नर तालुक्यातले, नाणेघाटाच्या माथ्यावरचे आणि जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. (जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर वेगळे, ते अकोले तालुक्यात.) इथे पावसाळा असा कोसळतो की छपराची कामे मे महिन्यातच उरकावी लागतात. अशाच एका घराची कौले उतरवून लोखंडी पाइप व पत्रे घालायचे होते. घरमालक माझे जुने परिचित. घराचा नकाशा त्यांनी जपून ठेवलेला होता. ट्रेसिंग कागदावर शाईने काढलेला, मापे फूट-इंचांत. त्यांच्या पदविकाधारक पुतण्याने तो स्कॅन करून संगणकावर गिरवला. सामानाची यादीही संगणकानेच काढून दिली.

यादी ऐकून गवंडी म्हणाला, "घर चोवीस फुटांचं. दोन्हीकडं फूट-फूट छप्पर बाहेर काढायचं, म्हणजे आढं सव्वीस फूट. इथं सत्तावीस कसं?"

हा एक फूट आला कुठून, हे शोधताना मला आरेखनाच्या जुन्या नियमांचा नव्याने अभ्यास करावा लागला.

जुना नकाशा 'एक इंचाला आठ फूट' या प्रमाणात होता. आठ फूट म्हणजे ९६ इंच, म्हणून प्रमाण १:९६. भारतात १९५६ चा वजनमापे कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि इमारतींच्या नकाशांसाठी १:१००, १:५० अशी सुटसुटीत प्रमाणे रूढ झाली. (बांधकामावर मात्र वाळू अजून ब्रासमध्येच मोजतात, म्हणजे शंभर घनफुटांत!) नकाशाचा प्रमाण लिहिलेला कोपरा फाटलेला होता. पुतण्याने १:१०० गृहीत धरले. कागदावरची ३ इंचांची, म्हणजे ७६.२ मिलिमीटरची भिंत त्यामुळे ७.६२ मीटर झाली. ७.६२ मीटर म्हणजे बरोबर २५ फूट. ९६ ला १०० म्हणजेच २४ ला २५.

डोळ्यांना हे दिसले कसे नाही? समरूप आकृत्यांचा धडा इथे आठवावा. सगळ्या लांबी एकाच पटीने वाढल्या की कोन बदलत नाहीत. खोल्या काटकोनी राहिल्या, छपराचा उतारही तोच राहिला. क्षेत्रफळ तेवढे लांबीच्या पटीच्या वर्गाने, म्हणजे सुमारे साडेआठ टक्क्यांनी फुगले. २४ बाय १६ फुटांच्या घराचे ३८४ चौरस फूट संगणकाच्या लेखी सुमारे ४१७ झाले.

पण मूळ नकाशावर तर २४ फूट स्पष्ट लिहिलेले होते. पुतण्याने ते पाहिलेही होते. संगणकाने २५ दाखवले तेव्हा त्याने तो आकडा पुसून हाताने २४ लिहिला. आज्ञावली हे करू देते. छापील नकाशा त्यामुळे निर्दोष दिसला; यादी मात्र आकड्यावरून निघत नाही, रेघेवरून निघते.

गोम इथे आहे. जुन्या आरेखनात लिहिलेले माप श्रेष्ठ मानत, रेघ फक्त आकार दाखवायला. 'नकाशावर पट्टी लावू नये, लिहिलेली मापे धरावीत' अशी सूचनाच अनेक नकाशांवर असे. याचे कारण कागदाच्या स्वभावात आहे. कागद दमट हवेत फुगतो, आणि तोही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त, उभ्या दिशेने कमी. संगणकात नेमके उलटे. तिथे वस्तू खऱ्या आकारात काढलेली असते आणि आकडा ही त्या रेघेची सावली असते. आकडा बदलला तरी रेघ हलत नाही.

गंमत म्हणजे अशा वेळी काय करावे हे जुन्या नियमांनी सांगून ठेवले आहे. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ साली 'एसपी ४६' ही आरेखनाची पुस्तिका काढली. जे माप प्रमाणात काढलेले नाही त्याच्याखाली जाड रेघ मारावी, असा संकेत तिच्यात आहे. पुतण्याने त्या २४ खाली रेघ मारली असती, तर यादी करण्यापूर्वी कोणीतरी नक्कीच थबकले असते. माझ्या मते हा संकेत संगणकाच्या काळात अधिकच गरजेचा आहे.

मग आम्ही गिरवलेले चित्र टाकून दिले आणि लिहिलेल्या मापांवरून घर नव्याने काढले. तीन भिंती प्रत्येकी दीड फूट, खोल्या साडेअकरा आणि आठ फूट, बेरीज २४. सुटी मापे आणि एकूण माप दोन्ही लिहायची जुनी रीत अशी पडताळणीला उपयोगी पडते. पण ही मापे सेंटिमीटरमध्ये नेताना प्रत्येक आकडा वेगळा पूर्णांकात आणला, तर ४६, ४६, ४६, ३५१ आणि २४४ मिळून ७३३ होतात. थेट २४ फुटांचे होतात ७३२. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. उपाय असा की १ फूट = ३०४.८ मिलिमीटर हे पूर्ण ठेवावे आणि पूर्णांक शेवटी एकदाच करावा.

रंगांचाही एक घोळ निघाला. आपल्याकडच्या नकाशांत नवे काम लाल रंगाने आणि पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायची पद्धत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतही ती दिली आहे. संगणकावर काम करणारे मात्र रंग बहुधा छपाईच्या रेघेची जाडी ठरवायला वापरतात. पुतण्याच्या नकाशात पाडायची मधली पडवी पिवळी होती खरी, पण छापून आली काळी. गवंड्याने ती ठेवायची समजली होती. रंग अर्थासाठी राखून जाडी वेगळी नेमता येते. तशी सोय आज्ञावलीत असते, ती वापरली.

पाइप सव्वीस फुटांप्रमाणे आले आणि पावसापूर्वी छप्पर झाले. परसातल्या विहिरीचे माप मात्र जुन्या नकाशावर लिहिलेलेच नव्हते, म्हणून तेवढी गिरवून घेतली. ती किंचित लंबगोल आली. फुगलेल्या कागदावर चौकोनी खोली चौकोनीच दिसते, वर्तुळ मात्र चुगली करते. आम्ही काठावर जाऊन दोन दिशांनी टेप धरला. विहीर गोल होती.