खुराखालचं तांबं

दोहा मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर अल शकब नावाचं स्टेशन लागतं. कतारच्या इतिहासात या नावाला मान आहे. १८९३ च्या मार्चमध्ये शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी यांच्या माणसांनी उस्मानी तुर्कांच्या फौजेला माघार घ्यायला लावली, त्या वजबाच्या लढाईशी ही जागा जोडलेली आहे. १९९२ मध्ये शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी इथे अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. आज हे कतार फाउंडेशनचं केंद्र आहे. मारवान अल शकब हा जगभर नावाजलेला घोडा इथलाच, आणि वरून पाहिलं तर अख्खं संकुल घोड्याच्या नालेच्या आकाराचं दिसतं.

ज्या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम काही दिवस पाऊस पडतो, तिथल्या घोड्याचा खूर ओलीनं कुजतो, हे ऐकून आधी खरं वाटत नाही. माथेरानचं समजू शकतं. तिथे जून ते सप्टेंबर लाल चिखल, निथळणारी झाडी आणि वाळायची सवडच न मिळणारे खूर. पण दोहात? तिथे ओल आभाळातून येत नाही, ती माणूस आणतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून फेरफटक्यानंतर घोड्याला रोज पाइपनं अंघोळ. तबेल्यात गारवा देणारे फवारे. अल शकबमध्ये तर घोड्यांना पोहण्यासाठी तलाव आहे. उन्हाळा सरता सरता आखातावरून चिकट दमट हवा येते. शिवाय घोडा ज्या भुशावर तासन् तास उभा असतो, तो त्याच्याच मुतानं भिजलेला असतो. मोकळ्या माळावर दिवसाला मैलोन् मैल चालणाऱ्या बेदुइनांच्या घोड्याचा खूर घासला जायचा, वाळायचा, आपोआप साफ व्हायचा. जातिवंत, लाडका, तबेल्यातला घोडा या तिन्हींना मुकला. एकदा भिजणं, मग कडक कोरडं होणं, पुन्हा भिजणं: खुराच्या भिंतीला याच्याइतकं वाईट काही नाही. तिला बारीक चिरा पडतात, आणि चिरेतून जंतू आत जातात.

खूर म्हणजे नेमकं काय, हे एकदा जवळून पाहायला हवं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं जाडजूड नख. आतलं हाड तळव्यावर टेकलेलं नसतं. ते भिंतीच्या आतल्या बाजूनं टांगलेलं असतं. भिंतीला आतून सुमारे ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात, हाडाकडच्या मऊ भागालाही तसेच, आणि दोन कंगव्यांचे दात एकमेकांत रुतवावेत तसे ते एकमेकांत रुतलेले असतात. प्रत्येक पापुद्र्याला आणखी बारीक पापुद्रे फुटलेले असतात. साडेचारशे किलोचं जनावर या नाजूक गुंफणीवर तोललेलं असतं, आणि चौखूर उधळताना एकेका पुढच्या पायावर त्याच्या अंगाच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. मला यापेक्षा थक्क करणारी रचना फारशी ठाऊक नाही.

खूर उचलून पाहिला की तळाशी मधोमध त्रिकोणी, लवचिक भाग दिसतो. त्याला फ्रॉग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाचा असतात. मोतद्दार आकडीनं त्यातली घाण टाचेकडून टोकाकडे उकरतो, आणि एखाद्या दिवशी आकडीच्या टोकाला काळपट, चिकट द्रव लागतो. त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. हा थ्रश. तो घडवून आणणाऱ्यांत फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू पुढे असतो. त्याला हवा सोसत नाही, त्यामुळे शेणामातीनं बुजलेली खाच म्हणजे त्याचं हक्काचं घर. दुसरा आजार भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथला. ती फिकट रंगाची रेघ म्हणजे खुराचा सांधा. तिथे बुरशी आणि जंतू शिरले की आतलं केराटिन भुगा होऊन गळू लागतं आणि भिंत पोकळ होते. नालबंदानं तिच्यावर हातोडीनं टिचकी मारली की आवाज बदललेला कळतो.

नेमक्या याच रेघेवरून नाल बसते, म्हणून नाल कोणत्या धातूची असावी या प्रश्नाला अर्थ येतो. पोलादाची नाल स्वस्त आणि टिकाऊ, शर्यतीसाठी ॲल्युमिनियमची हलकी. अलीकडे तांब्याच्या मिश्रधातूच्या नालाही घडवल्या जातात, त्या तांबं जंतू मारतं म्हणून.

तांब्याच्या या मारक गुणाला विज्ञानात नाव मिळालं तेही १८९३ मध्येच, वजबाच्या लढाईच्या वर्षी. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तेव्हा छापून आला. स्पायरोगायरा हे शेवाळ काही पाण्यांत जगतं आणि काहींत मरतं, आणि मरतं त्या पाण्यात तांब्याचा इतका सूक्ष्म अंश असतो की कोट्यवधी भागांत एखादा भाग, असं त्यांना आढळलं होतं. इतक्या थोड्या धातूचं एवढं सामर्थ्य पाहून त्यांनी त्याला ‘ऑलिगोडायनॅमिक’ हे नाव दिलं. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २७५ तांबंमिश्र धातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली. एखाद्या घन पृष्ठभागाला अशी मान्यता मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत साफ पृष्ठभागावरचे ९९.९ टक्क्यांहून अधिक जंतू दोन तासांत मेले होते.

मरतात ते असे: धातूवर ओल असली की तांब्याचे आयन सुटतात. ते जंतूच्या आवरणात घुसतात, आवरण फाटतं, आतला ऐवज बाहेर गळतो. आत शिरलेलं तांबं ऑक्सिजनची जहाल रूपं तयार करतं, प्रथिनं बिघडवतं, आणि शेवटी डीएनएचेही तुकडे पडतात. घाव एकाच वेळी इतक्या ठिकाणी बसतात की जंतूला बचावाची वाट शोधणं अवघड जातं. नाशिकचा बागायतदार द्राक्षवेलीवर केवड्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतो तेव्हा मोरचुदातल्या तांब्याचा हाच गुण त्याच्या कामी येतो. हे मिश्रण १८८५ पासून जगभर माहीत झालं. थ्रशवर मोरचूद लावण्याची जुनी रीतही त्याच गुणावर उभी आहे. फरक इतकाच की मोरचूद लावलं आणि धुऊन गेलं, नाल मात्र पाच-सहा आठवडे जागची हलत नाही.

पण नाल टेकते कुठे, ते विसरून चालणार नाही. ती भिंतीखाली आणि त्या फिकट रेघेवर टेकते. त्यामुळे सांध्यातल्या बुरशीच्या ती थेट वाटेत उभी राहते, खिळ्यांच्या भोकांजवळही राहते. थ्रश मात्र मधल्या खाचेत असतो, तिथे नालेचा स्पर्श नाही. शिवाय शेण, माती, कुजलेलं केराटिन यांना तांब्याचे आयन चटकन चिकटतात आणि तिथेच अडकून पडतात. घाणीनं लडबडलेल्या खुराखाली तांब्याची नाल जवळजवळ मुकी होते. म्हणून खाच उकरून मोकळी करणं, कुजलेला भाग तासून हवा आत जाऊ देणं, आणि पायाखाली कोरडं अंथरूण ठेवणं, हे आधी. ते नसेल तर कुठलाही धातू उपयोगी पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शुद्ध तांबं नालेसाठी फार मऊ. मिश्रधातू केला की ताकद येते, पण नाल पोलादापेक्षा साधारण दशांशानं जड भरते, आणि घडवण्याची रीत पार उलटी. पोलादाचा तुकडा लाल करून पाण्यात बुडवला तर तो कडक होतो. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं तर मऊच राहतं. कडक होतं ते गार असताना ठोकल्यानं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय: तापवायचं, विझवायचं, ठोकायचं, कडक झालं की पुन्हा तापवायचं. पोलादाला सरावलेल्या नालबंदाच्या हाताला हे नव्यानं शिकावं लागतं.

आणि हे पुन्हा तापवणं हा केवळ सोयीचा भाग नाही. ब्रिटिश फौजेला भारतात याचा धडा मिळाला होता. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा दारूगोळा तबेल्यांत ठेवत. पावसाळा संपल्यावर पाहतात तो पितळी काडतुसांना तडे. हात न लावता, धक्का न लागता. खुलासा व्हायला १९२१ साल उजाडावं लागलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंडपणी ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या दोघांच्या संगनमतानं धातू फुटतो. तापवून तो ताण काढला, तर पितळ तगतं. जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं पितळ तर या बाबतीत फारच हळवं.

मला हे सारं प्रकरण विलक्षण वाटतं ते यासाठी. तबेल्यातला जो अमोनिया खुराचं केराटिन सैल करतो, तोच पितळेचाही वैरी. म्हणजे खुराच्या रक्षणासाठी नेमलेला धातू आणि खूर, दोघांना एकाच हवेचा त्रास. दोघांनाही कोरडा, हवेशीर तबेला हवा. तांब्याची नाल घडवणाऱ्यानं जस्त बेतानं घातलं, थंडपणी ठोकल्यावर तापवून ताण काढला, तर ती टिकते. त्याकडे दुर्लक्ष केलं तर ज्या जागेसाठी ती घडवली तीच जागा तिला फोडू शकते.

राहता राहिला खिळा. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमारानं ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत, लाकूड पोखरलं जाऊ नये, हा हेतू. दोन वर्षांनी तळ तपासला तेव्हा तांब्यानं लाकूड राखलं होतं, पण लोखंडी खिळे बरेच खाल्ले गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो आणि झिजतं ते लोखंड. पुढे मुंबई गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’सारख्या जहाजांच्या काळापर्यंत हा धडा पक्का मुरला होता. आखाताच्या खारट, दमट हवेत तांब्याच्या नालेतून पोलादी खिळा मारला तर तोच घट खुराच्या भिंतीत तयार होतो. पाच-सहा आठवड्यांत खिळा तुटेल असं नाही, पण गंजानं भोक मोठं होतं आणि मोठं भोक म्हणजे जंतूंना उघडा दरवाजा. म्हणून तांब्याचा मुलामा दिलेले खिळे मिळतात. मुलाम्याला ओरखडा गेला की आतलं पोलाद उलट जास्त झिजतं, तेव्हा असा खिळा ठोकणाऱ्याचा हात हलका हवा.

नालबंदाच्या या हाताची किंमत आखातातल्या व्यापाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वी कळली होती. तेराव्या शतकात होर्मुझ, कीश अशा बंदरांतून हजारो घोडे जहाजांनी दक्षिण हिंदुस्थानात येत. मार्को पोलोनं लिहून ठेवलंय की व्यापारी सोबत नालबंद तर आणत नसतच, पण कुणाला तिकडे जाऊही देत नसत. घोडे मरावेत आणि दर वर्षी नवे विकता यावेत, हा त्यांचा हिशेब. ऐकीव गोष्टींत तो कधी कधी वाहवतो हे खरं, पण एका पेशाच्या अभावावर एवढा व्यापार चालू शकतो, ही कल्पना त्या काळी पटण्याजोगी होती, एवढं तरी त्यावरून दिसतं. एकोणिसाव्या शतकात आखातातले घोडे मुंबईला उतरू लागले आणि भायखळ्याच्या तबेल्यांत विकले जाऊ लागले, तेव्हा मात्र नाल ठोकणारे इथेच हाताशी होते.

तांबं खुराला खालून मिळतं तसं आतूनही लागतं. केराटिनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात ते गंधकाच्या दुव्यांनी, आणि हे दुवे जुळवणाऱ्या विकराला तांबं हवं असतं. पाचशे किलोच्या, कामाला नसलेल्या घोड्याला दिवसाला सुमारे १०० मिलिग्रॅम तांबं पुरतं. ते वैरणीतून आणि खनिज मिश्रणातून येतं. खुराची भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते, वरून खाली. केसांच्या कडेशी आज तयार झालेला भाग टोकाशी जमिनीला टेकायला नऊ ते बारा महिने लागतात. या महिन्यात चारा बदलला, तर त्याचा परिणाम नालबंदाला पुढच्या वर्षी, पुढच्या सात ते दहा नाला बदलून झाल्यावर, खिळा मारताना हाताला कळतो.