घरात कोणतं यंत्र आणावं?

पुणतांब्यात गोदावरीचा घाट आहे, चांगदेवांच्या समाधीकडे जाणारा रस्ता आहे. चालायला जागेची वाण नाही. तरी पावसाळ्यातला चिखल, वैशाखातलं ऊन आणि दुखरे गुडघे यांमुळे घरात व्यायामाचं यंत्र घ्यावंसं वाटतं. ते जरूर घ्यावं, पण पारखून.

ट्रेडमिलवर चालणं सोपं. मात्र धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. शिवाय पट्टा मोटरीवर फिरतो; वीज गेली की व्यायाम थांबला. अर्थिंग नीट नसेल तर धोका वेगळाच.

चुंबकीय व्यायाम-सायकलची रचना मला फार सुंदर वाटते. पायडल मारलं की धातूचं जड चाक फिरतं. जवळ चुंबक आला की त्या धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ते चाकाच्या गतीला विरोध करतात. चुंबक चाकाला टेकतच नाही, म्हणून घासणं नाही, आवाजही फारसा नाही. बैठकीवर वजन पेललं जातं, त्यामुळे गुडघ्यांवर भार कमी.

क्रॉस ट्रेनरवर हातही चालतात, पण तो जागा खातो. रोइंग यंत्रात पाय, पाठ, दंड सगळे लागतात. कंबर दुखत असेल तर टाळावं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. बोलता येतं, पण गाता येत नाही, इतकी धाप म्हणजे मध्यम. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी बहुतेक घरांसाठी माझं मत चुंबकीय सायकललाच.