अस्सलाच्या मागावर

१९२६ हे साल मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदांना जड गेले. ३१ मार्चला दत्तात्रय बळवंत पारसनीस वारले आणि बरोबर नऊ महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गेले. दोघांनाही जुन्या पत्रांचे वेड होते, पण त्या वेडाच्या तऱ्हा अगदी निराळ्या. पारसनीसांनी साताऱ्यात पत्रे, चित्रे आणि दुर्मिळ ग्रंथ यांचा देखणा संग्रह उभा केला, इंग्रज अधिकाऱ्यांत ऊठबस ठेवली आणि रावबहादूर हा किताबही घेतला. राजवाड्यांनी सरकारचा वारा लागू दिला नाही. धर्मशाळेत उतरायचे, हाताने रांधून खायचे, वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळायची आणि मिळेल ते छापून मोकळे व्हायचे, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता. या दोन टोकांच्या मध्ये मराठी कागदशोधाचा सारा पट बसतो.

त्याची सुरुवात एका रागातून झाली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनहून तीन खंडांत निघाला. साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या डफने छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दप्तरांतले कागद हाताळले होते, त्यामुळे पुढची चाळीस वर्षे त्याच्या ग्रंथाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेतच त्यावर टीका लिहिली. डफच्या चुका दाखवायच्या तर डफने न पाहिलेले कागद हवेत, हे त्या टीकेमुळे पुण्याच्या शिकलेल्या मंडळींना उमगले. आणि ते कागद तर घरोघरच्या माळ्यांवर पडले होते.

जानेवारी १८७८ मध्ये ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे त्याचे आरंभीचे चालक. जुन्या कविता, बखरी आणि पत्रे दरमहा छापायची, एवढाच त्यांचा संकल्प होता. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर असे ग्रंथ सान्यांनी टिपांसह वाचकांच्या हाती दिले. पुढच्या सगळ्या संग्राहकांचा रिवाज या मासिकाने घालून दिला. मिळालेला कागद कपाटात मिरवायचा नाही, तो बाळबोधीत उतरवून छापायचा.

मिळवणे मात्र सोपे नव्हते. पेशवाई बुडाल्यावर दप्तरांचे मालक जमीनदार, इनामदार, वतनदार म्हणून उरले होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले आणि अधिकारी जुन्या सनदा तपासू लागले. पुरावा नसेल तर इनाम खालसा. तेव्हापासून कागद म्हणजे जमीन हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. भाऊबंदकीच्या दाव्यात उलटेल म्हणून, सरकारला सुगावा लागेल म्हणून, पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा त्यात असेल म्हणून रुमालाची गाठ परक्यापुढे सुटत नसे. काही घरांत दप्तराची दसऱ्याला पूजा होई, पण वर्षभर त्याला कसर आणि वाळवी लागत असे. दुसरीकडे, वाचता येत नाही म्हणून मोडी लिपीतले गठ्ठे रद्दीत घालणारे किंवा बंबात टाकणारेही कमी नव्हते.

राजवाड्यांना पहिले मोठे घबाड वाईला लागले. पानिपतच्या आधीच्या दशकातली, गोविंदपंत बुंदेल्यांशी संबंधित पत्रे त्यात होती. त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, १७५० ते १७६१ या काळाचा. पानिपतचा पराभव तोवर बखरींतून आणि परक्यांच्या वृत्तांतांतून ऐकू येत होता. आता छावणीतून निघालेली पत्रेच बोलू लागली. रसद अडली आहे, पैसा पोचत नाही, नदीला उतार मिळत नाही, अशा रोजच्या तक्रारींतून मोहिमेचा हिशेब वाचकाला स्वतः मांडता येऊ लागला. मालेचे पुढे एकंदर बावीस खंड झाले. कधी एका गावच्या छापखान्यात, कधी ‘ग्रंथमाला’ मासिकातून, जसे जमेल तसे ते निघत गेले. प्रस्तावना कधी कधी मूळ पत्रांवरही मात करीत, इतक्या त्या लांब आणि भांडखोर असत.

युरोपात थोरामोठ्यांच्या हस्ताक्षरांचा बाजार भरतो. तिथे सहीलाच मोल येते. मराठी पत्रांत हा हिशेब चालत नाही, कारण पत्र लिही कारकून. वर ‘श्री’, मग मायना, मग मजकूर, आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर अष्टकोनी मुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असते. धन्याचा हात लागलाच तर शेवटच्या चार अक्षरांना. त्यामुळे खुद्द हातचा मजकूर सापडणे हा भाग्ययोग ठरतो. कुडाळच्या बाकरे घराण्याला संभाजी महाराजांनी १६८० साली दिलेल्या संस्कृत दानपत्राची मातब्बरी यामुळेच आहे. त्याच्या माथ्यावर त्यांच्या स्वतःच्या हातचा मजकूर आहे.

सही नसली म्हणून संग्राहकाचे काम हलके होत नसे. पत्रावर बहुधा नुसता ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्षाचा पत्ता नसतो. मग मजकुरातल्या एखाद्या लग्नाचा, लढाईचा, ग्रहणाचा धागा धरायचा, जंत्री उघडायची आणि वर्ष ठरवायचे. जंत्रीवाचून एकही खंड पुरा झाला नसता. कागदाची जात, शाईचा रंग, मोडीचे वळण, मायन्यातला मानमरातब यांवरून अस्सल कोणते, नक्कल कोणती आणि वतनाच्या भांडणात मुद्दाम रचलेला बनावट महजर कोणता, हेही ताडावे लागे. जाणत्याला चिटणिशी वळण आणि पेशवाईतले वळण नुसत्या नजरेने ओळखू येते.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे या मंडळींतले सर्वांत शिस्तीचे. हायस्कुलात संस्कृत शिकवणारा हा नाटककार-कवी पटवर्धन सरदारांच्या दप्तरात शिरला आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग काढत राहिला. राजवाडे गावोगाव हिंडले; खऱ्यांनी एकाच घराण्याचे दप्तर तळापर्यंत उपसले. पत्रे कालक्रमाने लावायची आणि मधूनमधून प्रसंगाची हकिकत सांगायची, ही त्यांची पद्धत. त्यामुळे त्यांचे भाग सरळ वाचून काढता येतात. १९२४ साली ते गेल्यावर उरलेले भाग त्यांच्या मुलाने काढले.

पारसनीस खऱ्या अर्थाने संग्राहक होते. झाशीच्या राणीचे चरित्र त्यांनी १८९४ सालीच लिहिले होते. पुढे नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्या हाती आले आणि १९०८ पासून ‘इतिहास-संग्रह’ मासिकातून त्यातला मजकूर बाहेर पडू लागला. चार्ल्स किंकेडबरोबर त्यांनी मराठ्यांचा इंग्रजी इतिहासही तीन खंडांत लिहिला. त्यांच्या सरकारी घसटीवर पुण्यात टीका होई. पण त्या घसटीच्याच बळावर त्यांचा संग्रह एकत्र राहिला. साताऱ्याचे त्यांचे संग्रहालय १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवले गेले आणि कागद एका छपराखाली टिकले. याच कॉलेजातून पदवी घेतलेल्या राजवाड्यांचे कागद मात्र त्यांच्या फिरतीबरोबर विखुरले.

एकट्याने हिंडण्याचे दिवस सरत आले होते. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कोणी एखादा कागद आणायचा, बैठकीत वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचे आणि मग तो छापायचा, असा तिथला खाक्या होता. राजवाडे काही वर्षांतच मतभेदांमुळे दूर झाले, मात्र दत्तो वामन पोतदार, शंकर नारायण जोशी, गणेश हरी खरे अशा माणसांनी मंडळ नेटाने चालवले.

एखादे घरगुती बाड किती उलथापालथ करू शकते, हे १९१६ साली दिसले. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि मंडळाच्या वृत्तात छापली गेली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी होती. तोवर १६२७ चा वैशाख सर्वमान्य होता. वाद पेटला, इतिहासकार जदुनाथ सरकारांना नवी तिथी पटली नाही. मग सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ उजेडात आणले. १९२७ साली ते छापले गेले आणि त्यातही तीच तिथी निघाली. जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडलीने तिला आणखी दुजोरा दिला. राज्य सरकारने अखेर हीच तारीख मान्य केली.

तंजावरचे ते ग्रंथालय मराठी ग्रंथसंग्रहाचा सर्वांत भारदस्त नमुना आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी पोथ्यांबरोबर वैद्यक, वनस्पती, भाषा अशा विषयांवरची हजारो युरोपीय पुस्तके मागवली आणि त्यांतल्या अनेकांवर स्वतःच्या हाताने सही केली. काशीयात्रेतही त्यांनी पोथ्या जमवल्या. हस्ताक्षर हवेच असेल तर मराठी राजाचे इतके हस्ताक्षर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांचा माग काढला. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ साली छापली. खुद्द समर्थ रामदासांच्या हातचे वाल्मीकि रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपले आहे. मठात पोथी ही पूजेची वस्तू; ती अभ्यासासाठी बाहेर काढायला मठपतींचे मन वळवावे लागले.

सर्वांत मोठे दप्तर मात्र सरकारच्या ताब्यात होते. पुण्यातल्या पेशवे दप्तरात कागदांची संख्या कोटींच्या घरात जाते, आणि राजवाड्यांच्या पिढीला त्याचे दार बंदच राहिले. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी जदुनाथ सरकारांच्या पाठबळावर त्यातून निवडक कागदांचे ४५ भाग काढले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या साठीपलीकडच्या माणसाचा हा झपाटा थक्क करणारा होता. पुण्याच्या मंडळींना आनंदापेक्षा चीड जास्त आली: दार उघडले ते एकालाच, आणि काय छापायचे हेही तोच ठरवणार!

छापील दुर्मिळ ग्रंथांचा शोध त्या मानाने उशिरा सुरू झाला. शंकर गणेश दात्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची नोंद केली आणि १९४३ साली ती प्रसिद्ध केली. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली भगवद्गीता, त्याच वर्षी श्रीरामपूरला निघालेले कॅरीचे मराठी व्याकरण, अशा आद्य मुद्रितांची कहाणी अ. का. प्रियोळकरांनी सांगितली. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, पुढे दोनदा पुन्हा छापले गेले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे.

पत्रांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. छापण्याच्या ध्यासाने मजकूर वाचला आणि मूळ कागदाकडे दुर्लक्ष झाले. एकदा बाळबोधीत उतरवून घेतले की अस्सल मालकाकडे परत जाई, आणि तिथून त्याचे काय होई कोणास ठाऊक. राजवाड्यांच्या खंडांतली कित्येक पत्रे आज छापील रूपातच उरली आहेत. बीडजवळच्या पाटांगणला मिळालेली ज्ञानेश्वरीची पोथी त्यांनी १९०९ साली छापली. ती सर्वांत जुनी असे त्यांचे म्हणणे होते, तिच्या भाषेवरून त्यांनी व्याकरणही लिहिले. मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांचा पाठ स्वीकारायचा की नाही, हा वाद कागद पाहून मिटवण्याची सोय राहिलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली, वाडे पडू लागले आणि कागदांवरची जमिनीची सावली हटली. त्यामुळे दप्तरे संस्थांकडे येऊ लागली, तशीच जुन्या बाजारातही जाऊ लागली. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक हस्तलिखिते आणि कागद परदेशी नेण्यावर बंधन आले. धोका मात्र नेहमीच परदेशातून येत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला करून पोथ्या आणि पुस्तकांची नासधूस केली. वादाचा विषय होता शिवचरित्रावरचे एक परदेशी पुस्तक, आणि नुकसान झाले ते त्या वादाशी संबंध नसलेल्या संग्रहाचे.

आता संस्थांमधून पोथ्या आणि कागद यांची छायाचित्रे संगणकावर उतरवण्याचे काम चालू आहे. राजवाड्यांच्या काळी अस्सल आणि छापील मजकूर यांच्यामध्ये हाती लिहिलेली नक्कल असे आणि तिच्यावर विश्वास ठेवावा लागे. आता वाचकाला अस्सलाचे चित्र समोर ठेवून छापील वाचन तपासता येते. अडचण वाचणाऱ्यांची आहे. विसाव्या शतकात मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. पुण्यामुंबईत तिचे वर्ग भरतात, त्यांत बँकेतून निवृत्त झालेले, वकिली करणारे, महाविद्यालयात शिकणारे असे नाना लोक येतात. बहुतेकांना घरातला एखादा जुना कागद वाचायचा असतो. त्यांतले थोडे पुढे टिकतात आणि पेशवे दप्तरातल्या, मंडळातल्या न उघडलेल्या रुमालांकडे वळतात. तिथे हिशेब, कर्जरोखे, चौक्यांच्या जकाती, गावकीच्या तक्रारी असे जे कागद आहेत, ते आधीच्या संग्राहकांनी राजकारण शोधण्याच्या घाईत बाजूला सारले होते.