गाडी सुटते ती कागदावर

गटारीची रात्र असो, धुळवड असो की ३१ डिसेंबर, मुंबई-ठाणे-पुण्याच्या नाक्यांवर बॅरिकेड आडवी पडतात आणि वाहतूक पोलीस हातातले छोटे यंत्र घेऊन गाडीच्या काचेवर टकटक करतात. यंत्राला नवा पाइप लागतो, चालक फुंकर मारतो, पडद्यावर आकडा उमटतो. आकडा ३०च्या वर गेला की पुढे चालकाचे काय होणार, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. वैद्यकीय तपासणी, जामीन, मग कोर्टाची तारीख. गाडीचे काय होणार, हा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डोके जड असताना सुचतो. चावी कोणाकडे आहे, गाडी कुठे उभी आहे आणि ती मागायची कोणाकडे?

चालक आणि गाडी यांच्या वाटा त्या नाक्यावरच वेगळ्या होतात. चालक जामिनावर सुटला म्हणून गाडी सुटत नाही आणि गाडी घरी आली म्हणून चालकाचा खटला संपत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण तडजोडीचा नाही. सिग्नल तोडला किंवा हेल्मेट नसले तर ई-चलन भरून प्रकरण मिटते, कारण कायद्याच्या कलम २०० मध्ये तशा गुन्ह्यांची यादीच दिलेली आहे. त्या यादीत १८५ नाही. त्यामुळे ‘साहेब, दंड काय तो इथेच भरतो’ या विनवणीला कायद्यात जागा नाही. या गुन्ह्याचा दंड न्यायालयच ठरवते. रस्त्यावर कोणी पैसे घेतलेच, तर ते दंडाचे नसतात.

आता गाडीकडे वळू. वाहन अडकवून ठेवण्याचा पोलिसांचा आणि आरटीओचा मुख्य अधिकार कलम २०७ मध्ये आहे. तिथे कारणे नेमकी दिली आहेत. चालकाकडे लायसन्स नसणे, अल्पवयीनाच्या हाती गाडी असणे, वाहनाची नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा परमिटच्या अटी मोडणे. दारू पिऊन गाडी चालवणे या कारणांत नाही. मद्यपी चालकाच्या गाडीला लागू पडते ते कलम २०२. विनावॉरंट अटक केल्यावर, परिस्थितीची गरज असेल तर, पोलीस अधिकाऱ्याने त्या वाहनाची ‘तात्पुरती’ व्यवस्था लावावी, असे ते कलम सांगते. रस्त्याच्या मधोमध गाडी सोडून चालकाला तपासणीला नेता येत नाही, एवढाच त्यामागचा व्यवहार. याच कलमात एक मुदतही आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर तिला कोठडीतून सोडावे लागते.

या ‘तात्पुरत्या’ शब्दाचा कस हैदराबादेत लागला. मद्यपींविरुद्धच्या मोहिमेत पोलीस गाड्या ताब्यात घेतात आणि लवकर परत देत नाहीत, अशा तक्रारींच्या याचिकांचा गठ्ठा तेलंगणा उच्च न्यायालयापुढे आला. २०२१च्या अखेरीस न्यायमूर्ती के. लक्ष्मण यांनी निकाल दिला. केवळ चालक प्यायलेला होता म्हणून गाडी जप्त करून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि काय करायचे याच्या पायऱ्याही आखून दिल्या. प्यायलेल्या चालकाला गाडी पुढे नेऊ द्यायची नाही. सोबत न प्यायलेला आणि लायसन्स असलेला माणूस असेल, तर गाडी त्याच्या हाती द्यायची. तसे कोणी नसेल तर नातेवाइकाला किंवा मित्राला बोलावून घ्यायचे. कोणीच आले नाही, तरच गाडी ठाण्यात किंवा सुरक्षित जागी न्यायची आणि नंतर मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रे दाखवली की परत करायची. खटला भरायची गरज वाटली, तर गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत आरोपपत्र न्यायालयात जायला हवे, असेही निकालात आहे.

हा निकाल तेलंगणाचा. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण मोटार वाहन कायदा देशभर एकच असल्याने इथल्या वकिलालाही तो न्यायालयापुढे ठेवता येतो. सामान्य माणसाने त्यातून उचलायची गोष्ट साधी आहे. नाक्यावर पकडले गेल्यावर पहिला फोन ओळखीच्या ‘साहेबां’ना लावण्याऐवजी घरातल्या लायसन्सवाल्या, शुद्धीतल्या माणसाला लावला, तर गाडी ठाण्यात जाण्याचा प्रसंग टळू शकतो.

तरीही गाडी ठाण्यात गेलीच, तर सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा. गाडी नुसती ठेवून घेतली आहे, की गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून जप्त केली आहे? पुढची सगळी धावपळ याच उत्तरावर अवलंबून असते आणि उत्तर हातातल्या कागदावर असते. नुसती ठेवली असेल तर पावती किंवा नोटीस मिळते. जप्त केली असेल तर दोन पंचांच्या सह्यांचा जप्ती पंचनामा होतो. नीट केलेल्या पंचनाम्यात गाडीचा नंबर, रंग, इंजिन आणि चेसिस क्रमांक, किती किलोमीटर झाले तो आकडा, आधीचे पोचे-ओरखडे, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम असे सगळे लिहिलेले असते. ही यादी मालकाच्याही उपयोगाची आहे. गाडी परत घेताना स्टेपनी जागेवर नसेल, तर ‘ती होती’ हे सांगायला दुसरा पुरावा क्वचितच असतो. गाडी जाण्यापूर्वी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवणे आणि डिकीतला लॅपटॉप, कागदपत्रे, औषधे काढून घेणे, एवढे भान त्या रात्री सोबत असलेल्या माणसाने ठेवले तर बरेच वाद वाचतात.

पावतीची वाट तुलनेने सरळ. आरसी बुक, विमा, पीयूसी, मालकाचे ओळखपत्र आणि गाडी चालवत नेणाऱ्याचे लायसन्स घेऊन संबंधित वाहतूक चौकीत किंवा ठाण्यात जायचे. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपवर असले तरी ते ग्राह्य धरले जातात. झेरॉक्सचा एक संच जवळ असलेला मात्र बरा, कारण अधिकाऱ्याला प्रकरणाच्या फायलीला कागदच लावायचा असतो. गाडी टोइंग करून आणली असेल तर त्याचे शुल्क भरावे लागते आणि थकलेली ई-चलने असतील तर तीही याच वेळी समोर येतात.

अनेकांची गाडी अडते ती नावावर. गाडी मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाचा असतो. ती कोण चालवत होते आणि पेट्रोल कोण भरते, याला इथे किंमत नाही. भावाच्या नावावरची बाइक, कंपनीची मोटार, गोव्यात भाड्याने घेतलेली स्कूटर अशा वेळी मालकाला स्वतः यावे लागते किंवा सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेची नोंद असते, पण मालक कर्जदारच असतो. खरी दमछाक होते ती जुनी गाडी घेऊन नावावर न केलेल्यांची. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असे कलम ५० सांगते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते ड्रॉवरमध्ये ठेवून देण्याची सवय आपल्याकडे फार. मग गाडी अडकली की दोन-तीन वर्षांपूर्वीच्या विक्रेत्याला शोधत फिरावे लागते. विक्रेत्याच्याही गळ्यात घोंगडे येतेच. २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, मग गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो.

जप्तीचा पंचनामा झाला असेल तर वाट न्यायालयातून जाते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ आणि ४५७ खाली अर्ज होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच काम कलम ४९७ आणि ५०३ खाली होऊ लागले. कोर्टाच्या आवारात याला ‘मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज’ म्हणतात आणि गाडी सुटते ती ‘सुपूर्तनाम्यावर’. अर्ज दाखल झाला की न्यायदंडाधिकारी पोलिसांचे आणि सरकारी वकिलांचे म्हणणे मागवतात. कोर्टाच्या भाषेत ‘से’ मागवतात. तपासाला गाडीची गरज नाही, असे पोलिसांनी लिहून दिले की अर्धे काम झाले. मग ठरावीक रकमेचे बंधपत्र लिहून द्यायचे. खटला संपेपर्यंत गाडी विकणार नाही, तिचा रंग-रूप बदलणार नाही, न्यायालय सांगेल तेव्हा हजर करीन, अशा त्याच्या नेहमीच्या अटी असतात. नव्या संहितेने मुदतीही घातल्या आहेत. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे वर्णनपत्र, फोटो किंवा चित्रीकरण आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचे काय करायचे याचा आदेश.

जप्त गाड्या लवकर सोडाव्यात, या दंडकामागे २००२चा एक निकाल आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. आज अर्ज लिहिणारा जवळपास प्रत्येक वकील त्याचा हवाला देतो. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाड पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालातच अफरातफर झाल्याचा आरोप त्या प्रकरणात होता आणि आरोपी होते पोलीसच. सर्वोच्च न्यायालयाने त्या निमित्ताने सांगितले, की जप्त वाहने ठाण्यांत वर्षानुवर्षे ठेवून काहीच साधत नाही. योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती लगेच परत द्यावीत. ज्यांनी ठाण्यांच्या कुंपणालगतचे सांगाडे पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. टायर जमिनीला टेकलेले, उंदरांनी वायरिंग कुरतडलेले, काचेवर पिंपळाची पाने साचलेली आणि मडगार्डवर खडूने लिहिलेला गुन्हा नंबर पुसत चाललेला. एक-दोन पावसाळ्यांत चालू गाडीचे भंगार होते.

अपघात झाला असेल तर मात्र सगळे गणित बदलते. मग गाडी हाच पुरावा असतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, दिवे तपासतो. आघाताच्या खुणा नोंदवल्या जातात. साध्या अपघातात तपासणीची औपचारिकता आटोपल्यावर २४ तासांत वाहन परत द्यावे, असे कलम १३६ म्हणते. पण माणूस दगावला असेल तर पोलीस गाडी सोडायला कडाडून विरोध करतात आणि प्रयोगशाळेचे अहवाल येईपर्यंत थांबावे लागते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. अपघातातल्या गाडीला थर्ड पार्टी विमा नसेल तर आणखी कठीण. न्यायालय पुरेशी हमी घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही आणि तीन महिन्यांत हमी आली नाही तर लिलाव करून रक्कम भरपाईसाठी राखून ठेवता येते. उषा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसे नियम करायला राज्यांना सांगितले होते.

विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक पोर्शे. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७च्या डिसेंबरात ती फुटपाथवर आदळून पेटली. मालक कंपनीने भरपाई मागितली, विमा कंपनीने चालक प्यायलेला असल्याचे सांगून नाकारली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. ब्रेथ अॅनालायझरचा आकडा नसला तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करता येते, असे न्यायालयाने म्हटले.

गाडी दारात आली तरी ती कोणी चालवायची, हा प्रश्न उरतोच. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने लायसन्स धरण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. पोलीस लायसन्स आधीच काढून घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. त्या काळात मालकाने प्रेमापोटी किंवा आळसापोटी चावी पुन्हा त्याच्याच हाती दिली, तर विनालायसन्स माणसाला गाडी दिल्याचा गुन्हा मालकावर येतो आणि या वेळी गाडी अडकवायला कलम २०७ थेट लागू होते. गाडी सुपूर्तनाम्यावर सुटलेली असेल तर खटल्याचा निकाल लागल्यावर बंधपत्र रद्द करून घ्यायलाही विसरू नये. निकालाची प्रत जोडून त्याच न्यायालयात छोटा अर्ज द्यावा लागतो. तो होईपर्यंत गाडी विकायची ठरवली तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.