लांबलेल्या आयुष्याचा हिशेब

एखाद्या भयंकर रोगावर उपाय सापडला की समाज सुटकेचा निःश्वास टाकतो आणि त्या रोगाविषयी बोलणेच थांबवतो. एचआयव्हीच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली. पुढची सतरा-अठरा वर्षे सामान्य माणसाच्या लेखी हे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच होती. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला आणि चित्र पालटले. त्या वेळी पस्तिशीत असलेली जी माणसे वाचली, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. देशातील सुमारे पंचवीस लाख बाधितांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. मरण टळले आणि म्हातारपण आले. त्याची तरतूद कशी करायची, हा प्रश्न मात्र अजून नीट विचारला गेलेला नाही.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत हा प्रश्न बहुधा एकट्या बाईच्या रूपाने समोर येतो. लोहा किंवा निलंगा तालुक्यातील एखाद्या खेड्यातील पंचावन्न वर्षांची विधवा डोळ्यांसमोर आणावी. नवरा औषधे येण्यापूर्वीच गेला. तिने सोयाबीन काढून, खुरपणी करून मुले वाढवली. गोळी रोज ठरल्या वेळी घेतली. औषधासाठी जिल्ह्याच्या गावी जाताना शेजाऱ्यांना दर वेळी निराळे कारण सांगितले. अशा जीवनाला आपण जिद्द म्हणतो, आणि ती खरोखरच जिद्द असते. परंतु या जिद्दीचे भांडवल कोणते, हे पाहिले पाहिजे. अंगातील कष्टाची ताकद आणि पोटात ठेवलेले गुपित, या दोनच गोष्टींवर तिने वीस वर्षे काढलेली असतात. वय वाढते तसे ही दोन्ही भांडवले एकाच वेळी आटू लागतात.

वैद्यकशास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. औषधाने विषाणू दबला तरी शरीरातील सौम्य दाह पुरता शमत नाही. त्यामुळे हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, हाडांची झीज यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणूनच एचआयव्हीबाधितांमध्ये पन्नाशीपुढील व्यक्ती ज्येष्ठ गणल्या जातात. तरुणपणी एका गोळीने भागत होते; आता रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू हे सारे मागे लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी सोबत कोणी तरी लागते, आणि सोबत आलेल्याला सारे कळते. माणसांची गरज सर्वाधिक असते त्याच वयात गुपित फुटण्याचे भयही सर्वाधिक असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पुढे एड्सग्रस्तांचा समावेश झाला, आणि २०२३ साली अनुदान दरमहा १५०० रुपये झाले. तथापि उत्पन्नाची अट दीर्घकाळ वार्षिक २१ हजार रुपये अशी राहिली. म्हणजे सबंध कुटुंबाला दिवसाकाठी अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आजाराच्या नावावर मिळणारी मदत घ्यायची, तर आजाराचे नाव सांगावे लागते. अर्ज गावातूनच जातो, आणि गावात कागद बोलतात. विधवा असेल ती ‘विधवा’ या रकान्यात अर्ज करून सुटू शकते. पुरुषाला तीही वाट नाही. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेत आजार विचारला जात नाही. पण मध्ये पन्नास ते पासष्ट अशी पंधरा वर्षे उरतात. शरीर म्हातारे झालेले असते, कागद त्याला म्हातारे मानत नाही.

यावर कोणी म्हणेल, लपवायचे कशाला? २०१७ च्या कायद्याने नोकरी, उपचार, निवास यांत भेदभावास मनाई केली आहे. बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत आढळेनासा होतो, त्याच्यापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर लातूर जिल्ह्यातच सापडते. औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभारले. २००९ मध्ये तेथील मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपलीच मुले शाळेतून काढून घेतली. सेवालय टिकले; तेथील मुले मोठी झाली आणि त्यांच्या पुढील आयुष्यासाठी तेथेच ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसले. तेथे लपवण्याची गरज नाही, कारण पाठीशी संस्था आहे. खेड्यातील एकट्या बाईकडून तीच हिंमत मागणे म्हणजे समाजाचे काम तिच्या माथी मारणे होय.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. औषध मिळते त्याच केंद्रात, त्याच फेरीत, रक्तदाब, साखर, मूत्रपिंड यांची तपासणी नियमाने व्हावी. दुसऱ्या खिडकीवर पुन्हा आपली कथा सांगावी लागू नये. दुसरे म्हणजे, अंगमेहनत करणाऱ्या सर्वच निराधारांना पन्नाशीनंतर, कारण न विचारता, निवृत्तिवेतन मिळावे. ऊसतोड कामगाराचे, खडी फोडणारीचे शरीरही पासष्टीपर्यंत थांबत नाही. असे केल्याने खर्च वाढेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु लाजेपोटी न उचललेल्या अनुदानातून होणारी बचत ही बचत नव्हे. ती दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली उधारी असते.

वीस वर्षे या माणसांनी स्वतःला जगवले, ते कोणाला ओझे न होता. उतारवयात त्यांच्यापुढे मदत किंवा अब्रू यांपैकी एकच निवडण्याची पाळी येऊ नये, एवढी व्यवस्था करणे शासनाला आणि समाजाला अशक्य नाही.